बेळगाव तासाभरावर, तरी सात महिने लांब

ट्रेनिंगला गेलेल्याची वाट कशी बघायची याबद्दल बायकांना सल्ले देणारे भरपूर आहेत, पण मी बायको नाही. आमची सुपारी फुटलीय, नारळ-साखर झालीय, दोन्ही घरच्यांनी एकमेकांचे आहेर पण घेतलेत, लग्न मात्र नाही आणि इतक्यात होणार पण नाही, कारण तो सैन्यात चार वर्षांसाठी भरती झालेला अग्निवीर, आणि अग्निवीराला ती चार वर्षं लग्नच करता येत नाही. भरतीच्या वेळीच अविवाहित आहे म्हणून लिहून द्यावं लागतं आणि मधे कुणी उरकून घेतलं तर सरळ घरी पाठवतात. म्हणजे माझ्यासारख्या पोरींसाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो, पण वाट बघायचं काम असतंच. ते मी कसं केलं तेवढं लिहितेय. आमच्या भागात आता दर गावात अशा दोन-चार पोरी आहेत म्हणून.

आमचं गाव चंदगड तालुक्यात. आम्ही महाराष्ट्रात, जिल्हा कोल्हापूर, पण कोल्हापूर लांब पडतं आणि शिनोळी ओलांडली की बेळगाव तासाभरात, त्यामुळं दवाखाना, लग्नाचा बस्ता, कॉलेज सगळं आमचं बेळगावातच. मी पण तिथंच बीकॉमला होते, रोज बसनं जाऊन येऊन. तो शेजारच्या गावचा, लांबच्या नात्यातला, त्यामुळं त्याच्या आईला मी लहानपणापासून आत्तीच म्हणते. भरतीसाठी तो पहाटे चारला रस्त्यावर पळायचा. आता आधी कॉम्प्युटरवर परीक्षा असते, ती निघाली तर ग्राउंड, तिथं सोळाशे मीटर आणि पुलप्स, मग मेडिकल, मग मेरिट. सोळाशे साडेपाच मिनिटांत मारलं आणि दहा पुलप्स काढले तर पूर्ण मार्क. वयाची अट ओलांडली की संपलं. त्याचं एकदा ग्राउंडला आणि एकदा मेडिकलला हुकलं होतं आणि हा शेवटचा चान्स होता, त्यामुळं यादीत नाव आलं तेव्हा गावात गुलाल वगैरे झाला, आणि मराठा लाईट इन्फंट्री, सेंटर बेळगाव असं कळल्यावर तर सगळे म्हणायला लागले, अरे हे तर अंगणातच आहे, उठलं की भेटून यायचं.

भेटून यायचं कसलं. दिवाळीनंतर तो गेला, काळी ट्रंक, दोन कुलपं, मच्छरदाणी, आणि आत्तींनी बळंबळं कोंबलेले बेसनाचे लाडू. नंतर कितीतरी दिवस काही नाही. मोबाईल जमा. आत्ती रोज मला विचारायच्या, तुला आला काय गं फोन, आणि मी त्यांना विचारायचे, तुम्हाला आला काय, आणि दोघींना वाटायचं की दुसरीला आला असणार पण सांगत नाही. खरंच, असलं पण डोक्यात येतं.

मग एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. मी पोचलोय, बरा हाय, केस काढले, आईला सांग, ठेवतो. एवढंच. मी काही बोलायच्या आत कट. तो नंबर सेव्ह करून ठेवला मी, पण त्या नंबरवर परत फोन करायचा नसतो एवढं कळत होतं. तेव्हापासून मात्र माझी सवय अशी झाली की कुठलाही अनोळखी नंबर दिसला की वर्गातून सुद्धा धावत बाहेर जाऊन उचलायचा. लोन पाहिजे का, क्रेडिट कार्ड पाहिजे का, प्लॉट घेणार का, सगळ्यांशी मी बोललेय त्या महिन्यात. एका कार्डवाल्या मुलीला मी "जेवलास काय?" असं विचारलं, ती बिचारी गप्पच झाली, मग म्हणाली, मॅडम मी पुण्यातून बोलतेय.

पुढं त्याच्या कंपनीत, म्हणजे ट्रेनिंगच्या तुकडीत, रविवारी दुपारी थोडा वेळ मोबाईल हातात मिळायला लागला. थोडा म्हणजे त्यातच चार्जिंग, त्यातच रिचार्ज, त्यातच आई आणि त्यातच मी. आणि आठवडा नीट गेला असेल तरच. प्लाटूनमधल्या, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीतल्या, एकानं काही घोळ केला, फॉलिनला म्हणजे रांगेत उभं राहायला उशीर, पलंगाखाली बूट वाकडा, की सगळ्यांचा रविवार गेला. तो आधी घरी लावायचा, ते बरोबरच आहे, पण आत्ती फोनवर आल्या की आधी म्हशीचं, मग भाताच्या मळणीचं, मग कोण वारलं कोण बाळंत झालं, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर दीड मिनिट उरायचं. त्या दीड मिनिटात आम्ही दोघं काय बोलायचो तर "बोल की", "तू बोल", "कसा आहेस", "बरा हाय", झालं. फोन ठेवला की मला रडू यायचं ते त्याच्या आठवणीनं कमी आणि रागानं जास्त, आणि राग पण कुणावर, तर म्हशीवर.

यावर उपाय आत्तींनीच काढला, मी नाही. एका रविवारी त्यांनी माझ्या आईला निरोप पाठवला की पोरीला दुपारी जेवायला पाठवा. माझी आई तयार नव्हती. लग्नाआधी पोरगी सासरी जेवायला, लोक काय म्हणतील, आणि उद्या काही बिनसलं तर. दोन दिवस घरात यावर चर्चा, शेवटी पप्पा म्हणाले, जाऊ दे, भावाला घेऊन जा गाडीवर. तेव्हापासून रविवारी मी आणि धाकटा भाऊ तिकडं. जेवण, भांडी, आणि मग फोन मधे ठेवून आम्ही सगळे गोल बसलेलो. एकच फोन, स्पीकरवर. त्यामुळं म्हशीचं एकदाच ऐकायला लागायचं आणि वेळ सगळ्यांना मिळायचा. लोक बोलले, नाही असं नाही, पण गावात लोक ज्यांना फार वचकून असतात अशातल्या आत्ती आहेत, "माझ्या घरात मी कुणाला जेवायला घालायचं ते मी बघतो" असं पाणवठ्यावर एकदा मोठ्यानं म्हणाल्या तेवढ्यावर विषय संपला.

स्पीकरवर खाजगी काय बोलणार. त्याचा बाप बसलेला, माझा भाऊ बसलेला. मग पत्रं सुरू झाली. मला आधी वाटलं पत्र म्हणजे काहीतरी जुन्या जमान्यातलं, पण खरं सांगते, सगळ्यात जास्त आधार मला पत्रांनीच दिला. पत्त्यावर त्याचा नंबर, नाव, कंपनी, प्लाटून सगळं नीट पाहिजे, एकट्या नावावर पत्र पोचायची आशा ठेवू नका, एका आडनावाची वीस पोरं असतात आत. मी कॉलेज सुटल्यावर बेळगावातच टाकायचे, म्हणजे पत्र टाकलेलं पण बेळगावात आणि जायचं पण बेळगावात, तरी त्याच्या हातात पडेपर्यंत माझं पुढचं पत्र लिहून झालेलं असायचं. त्यामुळं त्याची उत्तरं नेहमी मागच्या प्रश्नाची. मी विचारायचे तब्येत कशी आहे, तो लिहायचा संक्रांतीचा तिळगूळ मिळाला.

आत्तींना लिहिता-वाचता येत नाही. त्या सांगायच्या आणि मी लिहायचे, एकाच पाकिटात दोन पत्रं. चुलीपुढं बसून, डोळे मिटून, अगदी भाषण दिल्यासारखं सांगायच्या. "लिही, तांबडी म्हैस व्याली. रेडी झालीय. लिही, तुझ्या बाबानं बांध घातला. लिही, दूध पितोस काय न्हाय ते कळव. लिही, कुणाशी भांडू नको, आणि कोण भांडाय आला तर सोडू नको." मी म्हटलं, आत्ती यातलं एक काहीतरी सांगा, तर म्हणाल्या दोन्ही लिही, त्याला कळतंय. आणि मग उठून राख झाडत म्हणायच्या, आता तुझं लिही, मी बघत न्हाय, बघून तरी मला काय कळणार हाय. आणि खरंच बाहेर जाऊन बसायच्या. मला माझ्या पत्रात काय लिहावं ते बऱ्याचदा सुचायचंच नाही, मग मी पण तांबडीबद्दलच लिहायचे.

त्याच्या पत्रांत हळूहळू हिंदी शिरायला लागलं. जेवणघर नाही, लंगर. शिकवणारे सगळे उस्ताद. शिक्षा म्हणजे रगडा, आणि रगडा कशाचाही मिळतो, हसला म्हणून, हसला नाही म्हणून. पहाटे उठून दाढी, रोज, दाढी येत नसली तरी. मग पीटी, ड्रिल, हत्याराचा क्लास, मॅप रीडिंग, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. लाडू पहिल्याच रात्री सगळ्या बॅरेकनं संपवले, त्याला एक मिळाला. क्लासमधे बसलं की झोप येते आणि झोपला की उभं करतात, उभं राहून पण झोपता येतं हे त्याला तिथं कळलं. एका पत्रात चार पानं रेजिमेंटच्या इतिहासावर, पाठ करायला दिलं होतं म्हणून माझ्यावरच सराव केलेला. पहिली पलटण १७६८ ला मुंबईत उभी राहिली, सेंटर १९२२ पासून बेळगावात, दुसऱ्या महायुद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस, घाडगे १९४४ ला तिथंच पडले. शेवटी एक ओळ, "हे सगळं उद्या विचारणार हाईत, तुला आठवतंय काय बघ." लव्ह लेटर म्हणून मैत्रिणीला दाखवलं तर ती हसून हसून पडायची बाकी राहिली. पण मला ते पत्र आवडतं. त्याचा दिवस कसा जातो हे डोळ्यापुढं यायला लागलं की भीती कमी होते, हे मला तेव्हा समजलं. आधी मी नुसती "तो काय करत असेल" असा विचार करत बसायचे आणि त्याला शेवट नसायचा. नंतर घड्याळात बघून म्हणायचे, आता ड्रिल चालू असणार, आता लंगरसमोर लाईन. माझं जेवण पण मी त्या वेळेला करायला लागले, ते जरा जास्तच झालं म्हणा.

आता बसचं सांगते. बेळगावात शिरताना कॅम्पाचा भाग लागतो. सकाळच्या बसला कधीकधी रंगरूट, म्हणजे नवी भरती झालेली पोरं, पळताना दिसायचे, पांढरे बनियन, पन्नास-साठ पोरं एका तालात, बाजूनं उस्ताद ओरडत. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी सीटवरून उठूनच उभी राहिले, कंडक्टर म्हणाला बसा ओ ताई, स्टॉप लांब आहे. मी एकेक चेहरा बघायला गेले पण कसलं काय, सगळी डोकी सारखीच, ताटात ओतलेल्या सोललेल्या काजूगरांसारखी, त्यात माझा कुठला ते मला ओळखता येईना. ज्याला मी गर्दीत चालण्यावरून ओळखायचे तो त्यात आहे का नाही हे पण सांगता येत नव्हतं. नंतर तो म्हणाला की त्यांची कंपनी त्या बाजूला पळायलाच येत नाही. म्हणजे मी एवढे दिवस खिडकीची सीट धरून, त्यासाठी एका मावशीशी भांडून, दुसऱ्यांचीच पोरं बघत होते. तरी नंतर पण खिडकीत बसायचे, सोडलं नाही.

जवळ असल्याचा त्रास वेगळाच असतो. आमच्या गावातल्या एका काकींचे मालक खूप आधी भरती झालेले, ट्रेनिंग लांब तिकडं मध्य प्रदेशात. त्या म्हणायच्या, अगं बरं होतं ते, लांब गेलाय म्हटलं की मन पण गप्प बसतं. तुझं मन रोज बसमधून उतरून गेटापर्यंत जाऊन येतंय. हे अगदी खरं. एकदा मी खरंच गेटापर्यंत गेले, कॉलेज लवकर सुटलं म्हणून, रस्त्याच्या पलीकडं उभी राहिले, संत्री बघायला लागला तशी मिलिटरी महादेवाच्या देवळाचा रस्ता विचारल्यासारखं करून निघाले. महादेवाला मात्र गेले मग, आलेच आहे तर.

सगळ्यात वाईट वेळ आली ती शिमग्याच्या आसपास. त्याचे वडील मोटरसायकलवरून पडले, पायाचं हाड मोडलं, बेळगावातच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, रॉड घातला. आत्तींनी सगळ्यांना ताकीद दिली, पोराला सांगायचं नाही. मला हे पटलं नव्हतं. मी म्हटलं, तो काही लहान नाही, उद्या कळलं तर कुणावरच विश्वास राहणार नाही, आणि सुट्टी मिळाली तर येऊन जाईल. आत्ती म्हणाल्या, सुट्टी घेऊन आला आणि फायरिंग किंवा टेस्ट चुकली आणि मागच्या बॅचला टाकला तर? मागं टाकण्याची, रेलीगेट होण्याची भीती सगळ्यांनाच असते तिथं, तो पण पत्रात दर वेळी लिहायचा की अमका रेलीगेट झाला. त्यामुळं त्यांचं पण चूक म्हणता येईना. दोन रविवार "बाबा शेतात गेल्यात" वर निघाले. तिसऱ्या रविवारी तो फोनवर आल्या आल्याच म्हणाला, बाबांचा पाय कसा हाय? शेजारच्या गावचा एक पोरगा त्याच कंपनीत, त्याच्या घरच्यांनी त्याला सांगितलेलं. आत्ती गप्प. मग तोच म्हणाला, मला आधीच्या रविवारीच कळलंय, पण तुम्ही मला काळजी नको म्हणून लपवलं तर मी पण तुम्हाला काळजी नको म्हणून लपवलं. बाबा पलंगावरून ओरडले, "मी बरा हाय रे, तू फायरिंग बघ." आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

त्यानंतर आत्तींनी एक गोष्ट केली. कंपनी ऑफिसचा नंबर मागवून घेतला आणि माझ्याकडं दिला, पुढं काही झालं तर तू ठरवायचं, कळवायचं का नाही, मला ते जमत न्हाय. तो नंबर कधी वापरायला लागला नाही. पण ज्यांचं कुणी आत आहे त्यांना सांगते, हा नंबर पहिल्याच फोनला मागून घ्या, आणि घरात कोणी काय कळवायचं हे आधीच ठरवा, म्हणजे वेळ आली की दवाखान्याच्या व्हरांड्यात भांडायला लागत नाही.

लपवालपवीत तो पण कमी नव्हता. नडगी दुखत होती त्याची, बरेच दिवस. रंगरूटांना हे खूप होतं, बूट घालून एकदम एवढं पळायला लागल्यावर हाडावर ताण येतो, कधी बारीक चीर पण जाते. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी आहे म्हणून कळवलं, तर आराम मिळतो, पण आराम जास्त झाला तर क्लास बुडतात आणि परत तेच, रेलीगेट. म्हणून दाबून पळत होता. मला एका पत्रातून वास आला, कारण पत्रात दोनदा लिहिलं होतं की पाय एकदम बरा आहे, मी पायाचं काही विचारलेलंच नव्हतं. मी रविवारी स्पीकरवरच, सगळ्यांसमोर, विचारलं. बापाचा रॉड घातलेला पाय आणि पोराची नडगी, आत्तींनी त्या दिवशी फोनवर जे सुनावलं ते उस्तादानं पण सुनावलं नसेल. दुसऱ्या दिवशी गेला तो एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात. थोडे दिवस पळणं बंद, हलकी कामं, मग परत सुरू. वेळेत गेला म्हणून मागं पडला नाही.

त्या काळात मी एक चूक नाही म्हणणार पण मूर्खपणा बंद केला, तो म्हणजे रात्री मोबाईलवर आर्मीचे व्हिडिओ बघणं. रडकी गाणी लावलेल्या रील्स असतात, ट्रेन सुटतेय, कुणीतरी मागं पळतंय. एक बघितलं की रात्रभर तेच येत राहतं. त्यापेक्षा माजी जवानांचे साधे व्हिडिओ बरे, टेस्ट कशी असते, बीपीईटी ही शारीरिक चाचणी म्हणजे काय, पाच किलोमीटर सामानासकट, दोर चढणं, नऊ फुटी खड्डा. ते बघून निदान पुढच्या पत्रात विचारायला काहीतरी मिळतं. रडायला रील लागत नाही, ते असंच येतं, आंघोळीच्या वेळी उरकून घ्यायचं.

पप्पांची काळजी वेगळी होती आणि ती अजून पण आहे. हातात पहिल्या वर्षी महिन्याला २१,००० येतात, ३०,००० मधले ९,००० सेवा निधीत, म्हणजे शेवटी मिळायच्या ठेवीत, जातात, सरकार तेवढेच घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासकट ११ लाख ७१ हजारांच्या आसपास मिळतात. पेन्शन नाही. चारातला एक कायम होतो, बाकी तिघं घरी. पप्पांनी हे सगळं वहीत लिहून ठेवलंय. ते मला काही म्हणत नाहीत, पण आईला म्हणतात, पोरगी पंचविशीत जाईल आणि तेव्हा जावयाला नोकरी असेल का नसेल. मी काय उत्तर देणार. बीएसएफ, सीआरपीएफमधे अग्निवीरांना जागा राखून ठेवल्यात हे मी त्यांना सांगते, ते म्हणतात, बघू. मला विचाराल तर मला पण या योजनेचं सगळंच पटतं असं नाही, चार वर्षं तरणीताठी देऊन परत येऊन भरतीच्या लाईनीत उभं राहायचं हे जीवावर येण्यासारखंच आहे. पण इकडं दुसरं आहे काय, काजूचा कारखाना, नाहीतर पुणे, नाहीतर गोवा. तो म्हणतो, सोळाशे मारलं तसं हे पण मारू. त्याचं सगळं सोळाशेवरूनच चालतं.

एप्रिलमधे काजूचा सीझन आणि माझी परीक्षा एकत्रच आली. सकाळी बिया वेचायच्या, दुपारी अभ्यास. तिकडं त्यांचे डोंगरातले कॅम्प, रात्रीच्या चाली, फायरिंग, त्यामुळं फोन मधेमधे बंदच. पण मला तेव्हा इतकी सवय झालेली, किंवा वेळच नव्हता, की तो काळ कसा गेला ते मला नीट आठवत पण नाही. लोक म्हणतात शेवटचे आठवडे जात नाहीत. माझे पहिलेच जात नव्हते.

कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, जूनच्या सुरवातीला होती. पास घरच्यांचे. आई, वडील, धाकटी बहीण, आणि चौथं नाव मामाचं होतं, तर मामानं स्वतःहून सांगितलं की माझी भाताची पेरणी आहे, पोरीला घाला. पेरणी काही त्या दिवशी नव्हती. बाबा कुबडी घेऊन, आत्ती इरकल लुगड्यात, पहाटेच्या जीपनं निघालो. वळीव पडून गेलेला, मैदान ओलं. बँड सुरू झाला आणि पोरं आली, मराठ्यांची चाल जलद असते, लाईट इन्फंट्री म्हणून, एवढी सगळी पोरं एकदम आली की पोटात धक्का बसतो. तिरंगा आणि रेजिमेंटचा झेंडा, शपथ, आणि मग "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". आत्ती माझ्या दंडाला धरून विचारत होत्या, कुठला गं, कुठला आपला? आणि मला अजून पण ओळखता येईना. बाबांनी ओळखला. बसल्या जागेवरून कुबडीनं दाखवला, तिसरी ओळ, डावीकडून.

परेड झाल्यावर आई-वडलांना गौरव पदक देतात. आत्तींनी ते घरी येईपर्यंत काढलं नाही, जीपमधे पण छातीवर, शिनोळीला चहाला थांबलो तिथं पण. आणि तो. काळा झालेला, गाल आत गेलेले, हात एकदम दगड. आम्ही बोललो काय, तर मी म्हटलं बारीक झालास, तो म्हणाला "जी". मग स्वतःच हसला. हॉटेलात जेवायला बसलो तर आमचं वाढून होईस्तोवर ह्याचं खाऊन झालं, ताट घेऊन धुवायला निघाला, वेटर मागं. घरी आल्यावर पहाटे उठून अंथरुणाची घडी अशी घातली की आत्ती दोन दिवस त्या पलंगावर कुणाला बसू देईनात. सुट्टीत आम्हाला नीट एकटं बसायला मिळालं ते एकदाच, कुंदा आणायला म्हणून बेळगावला गेलो तेव्हा, गाडीवर. मला वाटलं होतं सात महिन्यांचं किती बोलायचं साठलंय, पण सगळं पत्रांत येऊन गेलेलं. मी त्याला तीच बस, तोच रस्ता, तीच खिडकी दाखवली. तो म्हणाला, ते पळत होते ती चार्ली कंपनी असणार, आम्ही त्यांच्यापेक्षा फास्ट आहोत.

आता तो युनिटला आहे, वर उत्तरेत, कुठं ते लिहीत नाही. मोबाईल आता त्याच्याकडंच असतो, रेंज असली की रोज फोन येतो, आणि तुम्हाला खोटं वाटेल पण आता आमची भांडणं होतात. रविवारच्या त्या थोड्या मिनिटांत आम्ही किती नीट बोलायचो, आता तासभर फोन चालू आणि "अजून काय", "काय नाही", "तू सांग", "मी काय सांगू". परवा मी वैतागून म्हटलं, त्यापेक्षा पत्र लिही. तर म्हणाला, इथं वेळ कुठाय. गणपतीला सुट्टी नाही मिळाली, सिनियर लोकांचा नंबर आधी लागतो, दिवाळीचं पण नक्की नाही. रविवारी मी अजून पण आत्तींकडं जेवायला जाते. तांबडीची रेडी आता मोठी झालीय आणि फोन व्हिडिओवर असल्यामुळं आत्ती कॅमेरा घेऊन सरळ गोठ्यातच जातात.